भिंतीवर उशिरा फुलणारी क्लेमॅटिस: निवड, लागवड आणि छाटणी

दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली तशी मी परसातल्या विटांच्या भिंतीला लागून फावडं मारलं. वरची बोटभर माती ओली होती आणि त्याखाली नुसती भुकटी. हातात घेतली तर बोटांतून निसटून जाईल इतकी कोरडी. त्यात विटांचे तुकडे आणि भिंत बांधताना पडलेला चुन्याचा गिलावा. याच जागी मी दोन वर्षांत दोन क्लेमॅटिस लावल्या होत्या आणि दोन्ही गेल्या होत्या. खत घातलं होतं, पाणीही घालत होते, पण वरवर. इंग्लंडात कशाला झाडाला पाणी लागतंय, रोज तर पाऊस, असंच मनात होतं.

भिंत पाऊस अडवते. इथला पाऊस बहुतेक वेळा नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो, त्यामुळे भिंतीच्या पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या अंगाला पायाशी फारच थोडं पाणी पोचतं. शिवाय जी ओल असते ती विटा आणि पाया शोषून घेतात. क्लेमॅटिस ही तर पाण्याला आसुसलेली वेल. म्हणून रोपवाटिकेत फुलाचा फोटो बघून वेल उचलण्याआधी भिंतीखालची माती उकरून बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

उशिरा फुलणारी म्हणजे कोणती

आम्ही रेडिंगजवळ राहतो. जुलै सरत आला की इथल्या बागांचा पहिला बहर ओसरतो. गुलाबांची एक फेरी होऊन गेलेली असते, मेमध्ये भिंत झाकणाऱ्या वेली आता नुसती हिरवी पानं घेऊन उभ्या असतात. त्या वेळी, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत आणि काही जातींत ऑक्टोबरपर्यंत, भिंतीवर रंग हवा असेल तर उशिरा फुलणाऱ्या क्लेमॅटिससारखी दुसरी वेल मी पाहिलेली नाही.

इथे क्लेमॅटिसचे छाटणीनुसार तीन गट मानतात आणि रोपाच्या चिठ्ठीवर तो आकडा लिहिलेला असतो. गट १ म्हणजे वसंतात, गेल्या वर्षीच्या काडीवर फुलणाऱ्या. हिमालयातून आलेली मोंटाना याच गटातली. तिचा पसारा घराच्या छपरापर्यंत जातो, त्यामुळे सहा फुटी भिंतीला ती घेऊ नये. गट २ म्हणजे मे-जूनमध्ये ताटलीएवढी मोठी फुलं देणाऱ्या. दुकानात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात त्या याच. गट ३ आपला. या वेली त्याच वर्षी फुटलेल्या नव्या काडीवर फुलतात. याचा अर्थ दर फेब्रुवारीत जुनं सगळं गुडघ्याच्या खाली कापून टाकता येतं आणि उन्हाळ्यात वेल पुन्हा दहा-बारा फूट चढते.

नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना हे लगेच कळेल. द्राक्षाच्या खरड छाटणीत जुनी काडी काढून नवी घेतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे छाटणी वर्षातून एकदाच, आणि फूल त्याच हंगामात.

लहान बागेला हा गट का सोयीचा, ते यावरूनच लक्षात येईल. भिंत दरवर्षी मोकळी होते, रंगवता येते, सांधे भरता येतात, तारा ताणता येतात. वाळलेल्या काड्यांचं घरटं साठत नाही.

भिंतीचं तोंड कुठे आहे

दुपारी दोन-तीनच्या सुमारास बाहेर उभं राहून ऊन कुठून येतंय ते बघा. फोनमधलं होकायंत्रही चालेल. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत असेल तर जवळजवळ काहीही लावता येतं, फक्त पाणी जास्त लागेल. पूर्वेकडची भिंतही चांगली. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीची मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी, कारण ती चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

क्लेमॅटिस उजेडाकडे जाते. उत्तरेकडे तोंड असलेल्या सहा फुटी भिंतीवर उंच वाढणारी जात लावलीत, तर ती भिंतीचा माथा गाठेल, पलीकडे दक्षिणेच्या उन्हात झुकेल आणि सगळी फुलं शेजाऱ्यांच्या अंगणात देईल. तुमच्या वाट्याला खालचे तपकिरी देठ. अशा भिंतीला कमी उंचीची जात घ्या. हॅगली हायब्रिड ही फिक्या गुलाबी फुलांची जात साधारण दोन मीटरच वाढते, आणि कडक उन्हात तिचा रंग उडतो, त्यामुळे अर्धवट सावली तिला मानवते.

दुसरा प्रश्न विटेच्या रंगाचा. आमची भिंत लाल विटांची आहे. गर्द जांभळं फूल जवळून मखमलीसारखं दिसतं, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून, वीस-पंचवीस फुटांवरून पाहिलं तर ते लाल विटेत विरून जातं. लाल विटेवर फिकट निळा, पांढरा, फिका गुलाबी खुलतो. भिंत पांढरी किंवा पिवळसर दगडाची असेल तर गर्द जांभळा आणि वाइनसारखा लाल घ्या, तिथे ते रंग उठून दिसतात.

कोणती घ्यावी

पहिलीच वेल लावणार असाल तर व्हिटिसेला वर्गातली घ्या. दक्षिण युरोपातली ही जात १५६९च्या सुमारास इंग्लंडात आली असं मानतात. म्हणजे इथल्या मातीत तिने साडेचारशे वर्षं काढली आहेत. फुलं लहान, पण इतकी की मोजता येत नाहीत. आणि मोठ्या फुलांच्या जातींना जो मर रोग होतो, त्याचा त्रास हिला सहसा होत नाही. मी घालवलेल्या दोन्ही वेली मोठ्या फुलांच्या होत्या. तिसरी व्हिटिसेला लावली, ती अजून आहे.

या वर्गातल्या एत्वाल व्हायोलेतला मी सगळ्यांत वर ठेवते. फ्रान्समधल्या लियाँ शहरात फ्रान्सिस्क मोरेल नावाच्या रोपवाटिकाकाराने १८८५ मध्ये तिची पैदास केली. रंग गर्द जांभळा असला तरी मधले केसर फिकट पिवळे असतात, त्यामुळे लाल विटेवरही फूल हरवत नाही. उंची तीन-चार मीटर. त्याच मोरेलची मादाम ज्युलिया कोरव्हाँ वाइनसारख्या लाल रंगाची आहे. फिकट निळी हवी असेल तर त्याचीच पेर्ल दाझ्यूर, फक्त तिला कोरड्या जागी भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, लवकर येते.

पोलिश स्पिरिट या जातीमागचा माणूस मला फार आवडतो. स्टेफान फ्रांचाक हे पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या, जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या मठातले ब्रदर. मठाच्या बागेत त्यांनी क्लेमॅटिसच्या कितीतरी नव्या जाती वाढवल्या. १९८४ची ही जात निळसर जांभळी, दणकट, आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत न थकता फुलणारी. एमिलिया प्लाटर हीसुद्धा त्यांचीच, फिकट निळसर. लाल विटेसाठी मी आता हीच सुचवते.

जॅकमनाईचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सरे परगण्यातल्या वोकिंगमध्ये जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ मध्ये संकर केला आणि १८६२ मध्ये त्याला पहिलं फूल आलं. मोठ्या जांभळ्या फुलांची ती वेल पहिल्यांदा नजरेस पडली तेव्हा लोकांना काय वाटलं असेल, याचा अंदाज आजही ती बहरात पाहिली की येतो. तिच्यात व्हिटिसेलाचं रक्त आहे, म्हणून ती इतर मोठ्या फुलांच्या जातींपेक्षा काटक आहे आणि कोणत्याही दिशेच्या भिंतीवर जमवून घेते.

पांढऱ्यात हुल्डिन सुंदर, पण तिला भरपूर ऊन हवं. तिच्या पाकळ्यांच्या खालच्या बाजूला फिकट जांभळ्या रेषा असतात, म्हणून ती नजरेच्या वर, माथ्यावरून खाली झुकेल अशी चढवावी. टेक्सेन्सिस वर्गातली प्रिन्सेस डायना ट्युलिपच्या कळीसारखी गडद गुलाबी फुलं देते. उबदार, दक्षिणेकडच्या भिंतीला ती शोभते. पिवळी हवी असेल तर बिल मॅकेंझी. जाड पाकळ्यांच्या पिवळ्या घंटा, आणि त्या फुलत असतानाच शेजारी रेशमी पांढरे तुरे. मात्र ती सात मीटरपर्यंत जाते. लांबलचक भिंत असेल तरच घ्या.

हे पांढरे तुरे पाहिले की मला आपली मोरवेल आठवते. सह्याद्रीत पावसाळा संपल्यावर झाडाझुडपांवर बारीक पिवळट-पांढऱ्या फुलांनी लदलेली असते ती वेल क्लेमॅटिसच आहे, याच कुळातली. इथे चिल्टर्नच्या चुनखडीच्या टेकड्यांवर हिवाळ्यात कुंपणं पांढऱ्या पिसांनी भरतात, ती इथली रानटी क्लेमॅटिस. ‘म्हाताऱ्याची दाढी’ असंच तिला इथले लोक म्हणतात.

रोप घेताना दोन-तीन लिटरच्या कुंडीतलं घ्या. तळाच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावत असावीत आणि मातीतून एकापेक्षा जास्त काड्या निघालेल्या असाव्यात. फूल असलंच पाहिजे असं नाही. स्वस्तात मिळणारी छोट्या कुंडीतली बाळरोपं थेट भिंतीखाली लावू नका. एक हंगाम मोठ्या कुंडीत वाढवा, मगच जमिनीत घाला.

आधी तारा, मग वेल

क्लेमॅटिसला आयव्हीसारखी भिंतीला चिकटणारी मुळं नसतात, द्राक्षासारखे ताणेही नसतात. ती चढते पानाच्या देठाने. मे महिन्यात एकदा जवळ जाऊन बघा. कोवळ्या पानाचा देठ तारेला टेकला की वळू लागतो आणि बघता बघता एक पुरता वेढा घालतो. नंतर तो वाळून काडीसारखा कडक होतो, इतका की पान गळून गेल्यावरही सुटत नाही. पण हा देठ लहान असतो. त्याला पेन्सिलीहून जाड काही धरता येत नाही. म्हणून जाड पट्ट्यांची लाकडी जाळी दिसायला छान असली तरी वेलीच्या कामाची नाही. तिच्यावर बारीक जाळी किंवा तार ओढावीच लागते.

मी गॅल्व्हनाइज्ड तार वापरते. भिंतीत डोळ्यासारखं भोक असलेले खिळे बसवायचे, दुकानात ‘व्हाइन आय’ म्हणून मिळतात. पहिली आडवी तार जमिनीपासून साधारण एक फुटावर, पुढच्या प्रत्येक दीड फुटाला एक. खिळ्यांमधलं अंतर चार-पाच फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर ऑगस्टमध्ये वेलीच्या भाराने तार झोळीसारखी लोंबते. तार भिंतीपासून दोन इंच तरी दूर हवी. त्या फटीतून वारा खेळतो आणि देठाला वेढा घालायला जागा मिळते. आडव्या तारांवर दर फुटाला उभी बारीक तार किंवा सुतळी बांधली तर वेल सरळ वर न पळता पसरते.

जुनी, मऊ विटांची भिंत असेल तर ड्रिल विटेत न मारता सांध्यातल्या मसाल्यात मारा. मसाला पुन्हा भरता येतो, फुटलेली वीट भरून येत नाही. भिंत शेजाऱ्यांच्या मालकीची असेल तर आधी त्यांना विचारा. इथे कोणती भिंत कोणाची हे घराच्या कागदपत्रांवरून ठरतं, आणि न विचारता ठोकलेल्या एका खिळ्यावरून वर्षानुवर्षांचं बोलणं बंद होऊ शकतं. आणि भिंत घराचीच असेल तर पायाशी मातीचा ढीग करू नका. ओल वर चढू नये म्हणून घातलेला थर असतो, त्याच्या सहा इंच खालीच मातीची पातळी राहिली पाहिजे.

खड्डा

लागवडीला सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. माती उन्हाळ्याची ऊब धरून असते आणि पाऊस सुरू झालेला असतो. ते चुकलं तर मार्च-एप्रिल. ऐन उन्हाळ्यात रोप मिळालं तर कुंडीतच सांभाळा.

खड्डा भिंतीला चिकटून घ्यायचा नाही. दीड फूट अंतर सोडा. माझी पहिली मोठी चूक हीच होती, मी वीतभर अंतरावर रोप लावलं होतं. खड्डा दीड फूट रुंद, दीड फूट खोल. यात कंजुषी नको. विटांचे तुकडे, गिलावा, काचा सगळं वेचून काढा. थोडा चुना मातीत राहिला तर बिघडत नाही, क्लेमॅटिसला चुनखडीची जमीन चालते. राडारोडा काढायचा तो त्यात पाणी टिकत नाही म्हणून. तळ टिकावाने सैल करा, त्यात दोन घमेली पुरतं कुजलेलं शेणखत किंवा बागेतलं कंपोस्ट मिसळा आणि वर चार बोटं साधी माती टाका, म्हणजे कोवळी मुळं थेट खताला भिडणार नाहीत. इथे बरेच जण हाडांची भुकटी घालतात. घरात ती नको असेल तर मुळीच अडत नाही, चांगलं कंपोस्ट पुरतं. आमच्या घरी कधीच आणली नाही.

मग खड्ड्यात पाणी भरा. पुन्हा सांगते, रोप लावण्याआधी रिकाम्या खड्ड्यात पाणी भरा. दोन बादल्या ओता आणि जिरू द्या. ते किती वेगाने नाहीसं होतं ते पाहिलं की भिंतीखालच्या मातीची तहान कळते. तोवर रोपाची कुंडी बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की मुळांचा गोळा आतपर्यंत भिजला.

रोप अलगद काढा. मुळं फार मोकळी करत बसू नका, ठिसूळ असतात. रोप कुंडीत होतं त्यापेक्षा दोन ते तीन इंच खोल लावायचं. आपल्याकडे झाडाचं खोड मातीत पुरू नये असं शिकवतात, त्यामुळे पहिल्यांदा हात धजावत नाही. पण क्लेमॅटिसच्या पुरलेल्या काडीवरचे डोळे मातीत जिवंत राहतात. वरचा भाग गोगलगायींनी खाल्ला, रोगाने वाळला किंवा कोणाच्या चेंडूने मोडला, तरी त्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात. मातीखाली जाणाऱ्या भागाची पानं आधी काढून टाका. रोप भिंतीकडे तिरपं कलतं ठेवा आणि रोपवाटिकेची काठी न काढता तिच्या बाजूने एक बांबू पहिल्या तारेपर्यंत टेकवा.

माती भरताना मी रोपाच्या शेजारी एक रिकामी मातीची कुंडी काठापर्यंत पुरते, तळाचं भोक उघडंच ठेवून. पाणी नेहमी या कुंडीत ओतायचं. ते वरच्या वर पसरत नाही, वीतभर खाली मुळांशी जातं. गावाकडे उन्हाळ्यात नव्या झाडाशेजारी मडकं पुरतात, तीच युक्ती. माझी तिसरी वेल जगली त्याचं अर्धं श्रेय मी या कुंडीला देते.

पहिली दोन वर्षं

क्लेमॅटिसचं डोकं उन्हात आणि पाय सावलीत हवेत, असं सगळेच सांगतात. खरं तर तिला मुळाशी ओल हवी असते, सावलीने ती टिकते इतकंच. काही जण बुंध्याशी कौल किंवा सपाट दगड ठेवतात. मी ठेवून पाहिलं आणि काढून टाकलं, कारण त्याखाली गोगलगायींची वस्ती झाली. त्यापेक्षा बुटकी, पसरणारी झाडं लावा किंवा दोन-तीन इंच जाड आच्छादन घाला. आच्छादन काडीला चिकटू देऊ नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा.

पहिले दोन उन्हाळे मेपासून ऑगस्टपर्यंत, पाऊस पडला नाही तर आठवड्यातून दोनदा प्रत्येकी एक बादली पाणी. पाऊस पडला तरी बोट खुपसून बघा. आणि या काळात सुट्टीला पुण्या-मुंबईला तीन आठवडे जाणार असाल तर कोणाला तरी किल्ली देऊन जा. पहिल्या उन्हाळ्यातले तीन कोरडे आठवडे वेल सोसत नाही.

मार्चमध्ये मूठभर गुलाबाचं खत मातीत मिसळायचं. मेपासून दर पंधरा दिवसांनी टोमॅटोचं पातळ खत, त्यात पोटॅश जास्त असतं. कळ्यांना रंग दिसू लागला की थांबायचं. नत्र जास्त झालं तर पानंच पानं येतात.

एप्रिल-मेमध्ये रोज बाहेर एक फेरी हवी. या दिवसांत काड्या भराभर लांबतात आणि एकमेकींनाच वेढे घालून दोरखंड करतात. एकदा तसा गुंता झाला की सोडवता येत नाही, काडी पेरापाशी मोडते. म्हणून कोवळ्या असतानाच त्यांना पंख्यासारख्या डावी-उजवीकडे आडव्या नेऊन सैल सुतळीने बांधा. तीन-चार मीटर वाढणारी वेल सहा फुटी भिंतीवर बसवायची तर ती आडवीच न्यावी लागते. आडव्या काडीच्या प्रत्येक पेरातून फुटवे वर येतात आणि फुलं खालपासून माथ्यापर्यंत लागतात. सरळ चढू दिलीत तर फुलांचा झुबका माथ्यावर आणि खाली उघडी भिंत.

मर, भुरी आणि रात्री येणारे पाहुणे

मर रोग बुरशीमुळे होतो. सकाळी टवटवीत दिसलेली काडी एक-दोन दिवसांत मान टाकते, पानांचे देठ काळे पडतात. पाणी कमी पडल्यावर सगळी वेल एकदम मलूल होते. मर असेल तर बहुधा एखादीच काडी जाते आणि बाकीच्या ठीक असतात. ती काडी निरोगी भागापर्यंत, गरज पडली तर मातीपर्यंत कापा. कापलेली पानं-काड्या कंपोस्टमध्ये टाकू नका. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुसून घ्या. रोप उपटू नका. खोल लावलं असेल तर मातीतून नवा फुटवा येतो, कधी त्याच उन्हाळ्यात, कधी पुढच्या वर्षी. माझी दुसरी वेल मी घाईने उपटून टाकली, आणि मुळं हातात आल्यावर त्यांवर दोन पांढरे कोंब दिसले. ते आठवलं की आजही हळहळ वाटते.

भुरी पानांवर आणि कळ्यांवर पांढऱ्या पिठासारखी येते, विशेषतः कोरड्या मातीत आणि कोंदट भिंतीवर. फवारण्याआधी पाणी वाढवा, दाटी कमी करा. मावा आला तर पाण्याचा फवारा मारून झाडा.

मार्च-एप्रिलमध्ये कोवळे फुटवे रात्रीत नाहीसे झाले तर ते गोगलगायींचं काम. टॉर्च घेऊन रात्री दहाला बाहेर जा आणि वेचा. दहा-बारा दिवस हे केलं की फुटवे वीतभर वर निघून जातात आणि धोका टळतो. ऑगस्टमध्ये पाकळ्यांना गोल भोकं दिसली तर शेपटीला चिमटा असलेले तपकिरी किडे खातात ती. फुलाचं रूप जातं, वेलीला इजा होत नाही. मी त्यांना राहू देते, ते मावाही खातात.

कापताना हातमोजे घाला. क्लेमॅटिसच्या रसाने कातडीची आग होते आणि पोटात गेला तर त्रास होतो. लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर छाटलेल्या काड्या अंगणात पडू देऊ नका.

फेब्रुवारीतली छाटणी

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत केव्हाही, थंडीने कडक गोठलेला दिवस सोडून. वेल तेव्हा मेल्यासारखी दिसते. तपकिरी, सालपटं निघालेल्या, पोकळ वाटणाऱ्या काड्या. खाली बसा आणि जमिनीजवळून वर बघत या. वीतभर ते फूटभर उंचीवर प्रत्येक पेरापाशी समोरासमोर दोन डोळे दिसतील, भातुकलीतल्या वाटाण्यांसारखे फुगीर, हिरवट किंवा जांभळट. खालून पहिली निरोगी जोडी शोधा आणि तिच्या बोटभर वर कापा. सगळ्या काड्या अशाच, मातीपासून अर्धा ते एक फूट ठेवून.

वर पाच-सहा फुटांवरही डोळे फुटलेले असतील, कधी कधी पानंही आलेली असतील. मोह होतो. पण ते ठेवलेत तर नवी वाढ तिथूनच सुरू होईल आणि खालची भिंत कायमची उघडी राहील. कापा. पहिल्या वर्षी, लावणीनंतरच्या फेब्रुवारीत तर आवर्जून कापा, एकच काडी असली तरी. त्यामुळेच बुंध्यातून चार-पाच काड्या येतात.

कापलेला भाग लगेच ओढू नका. देठांचे वेढे तारेला घट्ट असतात, ओढलं तर तारच निघून येते. आधी दोन-दोन फुटांवर तुकडे करा, मग अलगद सोडवा. वाऱ्याची जागा असेल तर नोव्हेंबरमध्ये वरचा अर्धा भाग कापून वेल हलकी करा आणि उरलेलं फेब्रुवारीत.

घर नवीन घेतलं असेल आणि भिंतीवर आधीचीच क्लेमॅटिस असेल तर पहिलं वर्ष सिकेटर बाजूला ठेवा. ती कोणत्या महिन्यात फुलते ते लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये, जुन्या काडीवर फुलली तर ती आपल्या गटातली नव्हे, आणि फेब्रुवारीतल्या छाटणीने तिची त्या वर्षीची फुलं जातील.

एकीच्या दोन

रोप वाढवायला सगळ्यांत खात्रीचं दाब कलम. वसंतात एक खालची काडी जमिनीवर आडवी घ्या, पेराजवळ साल किंचित खरवडा, मातीने भरलेल्या कुंडीत तो पेर दाबून वर दगड ठेवा. वर्षभर ओलं ठेवलं की मुळं धरतात. छाट कलमही जमतं, पण गुलाबासारखं पेराखाली न कापता दोन पेरांच्या मधे कापायचं. क्लेमॅटिसला मुळं तिथूनही फुटतात.

हे रोप बॅगेत घालून भारतात नेऊ नका. परदेशातून रोप आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि त्यामागचं कारण योग्य आहे, बुरशी आणि किडी रोपांबरोबरच प्रवास करतात. शिवाय पुण्याच्या किंवा कोकणाच्या हवेत या जातींना हवी तशी हिवाळ्याची थंडी मिळत नाही. तिथल्या कुंपणाला आपली मोरवेलच बरी. माझ्याकडे या वर्षी एमिलिया प्लाटरची दोन दाब कलमं तयार आहेत. एक भिंतीपलीकडच्या शेजारणीला द्यायचं ठरलं आहे. तिच्या बाजूला पूर्वेचं ऊन येतं, आणि खड्डा खणायला सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मीच जाणार आहे.